पेट्रोलच्या टाकीचं कुलूप

त्या गाडीसाठी चेअरमन स्वतः मला शोधत खडीच्या कामावर आले होते, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की तो माणूस पहिल्यापासून माझा वैरी होता. तसं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. मी पलटणीतून सुटून नुकताच गावी आलो होतो. आमचं गाव येडशीच्या पलीकडं, बालाघाटाच्या उताराला. विहिरींचे तळ दिसत होते, शेतात काही नव्हतं, आणि अख्खा गाव पाझर तलावाच्या कामावर. बायको खडी फोडायची, मीही तिच्या शेजारी बसून फोडायचो. पलटणीतली सगळी नोकरी माझी गाड्यांवर गेली होती. स्टिअरिंगवर बसलेल्या हाताला हातोडी जड जात नव्हती, पण लाज वाटायची. ती कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण तिथं सगळेच फोडत होते.

चेअरमन म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी संघाचे. खत, बी-बियाणं, पेंड, कडबा, सगळं त्या संघातून यायचं. त्यांनी पुण्याच्या लिलावातून मिलिटरीची एक जुनी गाडी उचलून आणली होती. पुढं केबिन, मागं उघडा हौदा, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना ताकद. नाकावर लोखंडी दोर गुंडाळलेलं एक जड रहाट होतं, फसलेली दुसरी गाडी ओढून काढायला. विंच म्हणतात त्याला. चेअरमनना त्या विंचचा फार अभिमान. पण संघाच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी हातात घेतली आणि पहिल्याच दिवशी गोदामाच्या भिंतीत घातली. तेव्हा कुणीतरी माझं नाव काढलं.

"काय मिलिटरी," चेअरमन खडीच्या ढिगापाशी उभे राहून म्हणाले, "मिलिटरीचीच गाडी हाय. चालवशील का?"

"असल्याच गाडीवर उमेद गेली, साहेब."

"मग टाक ती हातोडी."

बायकोनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खडी फोडायला लागली. पण त्या दिवशी घरी जाताना ती माझ्या पुढं चालत होती, आणि तिची चाल बदलली होती.

त्या दुष्काळात त्या गाडीनं जे काम केलं ते दुसऱ्या कुठल्या गाडीला जमलं नसतं. हौद्यात पाण्याची टाकी ठेवून आम्ही अशा वाड्या-वस्त्यांवर गेलो जिथं रस्ताच नव्हता. नदीच्या कोरड्या वाळूतून, दगडगोट्यांतून, चढावर पहिल्या गिअरमध्ये इंजिन असं डरकायचं की वस्तीवरची माणसं आवाजानंच घागरी घेऊन बाहेर यायची. चेअरमन बऱ्याचदा माझ्या शेजारी बसायचे. मामलेदार कचेरीत भांडून त्यांनी कडबा मिळवला, टाक्या मिळवल्या. उन्हातान्हात फिरले. माणूस कामाचा होता. फक्त प्यायच्या पाण्याचा त्यांचा फिरकीचा तांब्या ते आपल्या बाजूच्या दाराला लटकवायचे, माझ्या बाजूला कधी ठेवायचे नाहीत. मी ते बघितलं होतं आणि बघून सोडून दिलं होतं.

पेट्रोल सरकारी खात्यातून यायचं. किती लागतं ते कुणी विचारत नव्हतं. माझ्या मात्र लक्षात आलं होतं की गाडी प्रमाणाबाहेर पिते. चारही चाकं जोडायची जी छोटी दांडी असते, ती गंजून जोडलेल्या जागीच अडकली होती. वाळूत ते बरंच होतं, पण सडकेवर ती चारही चाकं एकमेकांशी झोंबायची. मागच्या एका चाकाचा ब्रेक सुटत नव्हता, उतरून ड्रमला हात लावला तर चटका बसायचा. धुराड्यातून काळा धूर यायचा. मी एकदा चेअरमनना म्हणालो, "साहेब, गाडी एकदा खोलायला पायजे."

"चालतीय न्हवं? मग चालू दे. लोकं तहानेली हायत."

तेही खरंच होतं. मी पुन्हा बोललो नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. सरकारी टाक्या बंद झाल्या. गाडी संघाच्या रोजच्या कामाला लागली. येडशीच्या छोट्या रेल्वेवर खताची पोती उतरायची, ती गोदामात आणायची आणि तिथून गावोगाव पोहोचवायची. आणि नेमकं त्याच सुमाराला पेट्रोलचे भाव असे चढले की भल्याभल्यांनी मोटारी झाकून ठेवल्या. आता पेट्रोल संघाच्या पैशानं भरायचं होतं. आता सगळ्यांना विचारायचं सुचलं.

सुरुवात गोदामाच्या कारकुनानं केली. पेट्रोलचा हिशोब त्याच्याकडं असायचा. चार माणसांत तो म्हणाला, "गाडी येवढं पीत नसती. गाडीच्या नावानं दुसरंच कुणीतरी पितंय." सगळे हसले. मी तिथंच पोती उतरवत होतो. कुणी माझं नाव घेतलं नाही, त्यामुळं मला उत्तरही देता येईना.

आठवड्याभरात लोहार बोलावला. टाकीच्या झाकणाला कडी जोडली आणि तिला पितळी कुलूप घातलं. किल्ली कारकुनाच्या करदोट्याला. पेट्रोल तोच भरणार, तोच कुलूप लावणार. मी चेअरमनकडं गेलो.

"साहेब, हे कशाला?"

"अरे, तुझ्यावर न्हाई. रस्त्यात कुणीबी काढू शकतं. तुझ्याच भल्याचं हाय."

त्या कुलपापायी एकदा येडशीच्या अलीकडं पेट्रोल संपून मी भर उन्हात अडकलो. एका जीपवाल्यानं दया येऊन डबाभर पेट्रोल देऊ केलं, पण ओतायचं कुठून? टाकीला कुलूप, किल्ली गोदामात. तो जीपवाला कुलपाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं बघितलं. डबा उचलून निघून गेला. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. मी चालत गोदामापर्यंत आलो.

कुलूप लागलं तरी गाडी तेवढंच पीत होती, कारण गाडीतला बिघाड तसाच होता. कुठल्याही माणसाला यावरून कळायला हवं होतं. पण कारकुनानं त्यातून भलताच अर्थ काढला. मी खालून नळी सोडून काढतो, असं त्याचं म्हणणं. एक दिवस मी खेपेवर असताना तो दोन माणसं घेऊन आमच्या घरी आला.

हे मी बघितलेलं नाही. बायकोनं सांगितलं, आईनं सांगितलं, शेजारच्या चार बायकांनी सांगितलं, आणि सगळ्यांचं सांगणं एकच होतं.

कारकून उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "घरात पेट्रोल ठेवलंय अशी खबर हाय. बघायचंय."

बायको म्हणाली, "बघा की. या आत."

तो आत येईना. त्याची दोन माणसंही येईनात. बाहेरूनच वाकून चुलीकडं, कोपऱ्यातल्या कंदिलाकडं बघायला लागले. मग बायकोनं एकेक वस्तू बाहेर आणायला सुरुवात केली. रॉकेलची बाटली आणली, त्याच्या नाकाखाली धरली. पिठाचा डबा आणला. माझी पलटणीतली पेटी आणून उघडी केली. अंथरुणं झटकली. शेवटी पाण्यानं भरलेली घागर कमरेवर घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"ही राहिली. हिच्यात बी असंल. हात घालून बघा."

तो मागं सरकला.

"आवो बघा की! तपासायला आलाव न्हवं? घाला हात."

आम्ही बौद्ध झालो त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पण त्या माणसाचा हात घागरीपर्यंत जाईना. वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. एक जण हसली, मग सगळ्याच हसल्या. कारकून चालता झाला.

बायकोनं हे मला हसत हसत सांगितलं. सांगून झाल्यावर ती पेटीतले कपडे पुन्हा घडी करायला बसली आणि तेव्हा रडली. मी तिच्याजवळ बसलो नाही. उठून बाहेर गेलो. माझ्या डोक्यात एकच होतं. गाडी सुधारायची, असं काही करून दाखवायचं की ह्यांची तोंडं बंद होतील.

दुसऱ्या दिवशी चेअरमनना सांगितलं, "साहेब, गाडी मला आठ दिवस द्या. निम्म्या पेट्रोलवर चालवून दाखवतो."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "निम्म्यावर? बघ बाबा. पण नवं सामान-बिमान मागू नको."

धाराशिवला वेशीजवळ एका उस्तादाचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, एक चिंचेचं झाड आणि खाली दोन पेट्या. निजामाच्या काळात हैदराबादेत काम शिकलेला माणूस. संघाच्या गाड्या त्याच्याकडंच यायच्या. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, धुराड्याच्या आतून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, "मियाँ, ये गाडी पेट्रोल पीती नई. इसकू पिलाया जा रा."

मग आम्ही दोघं लागलो कामाला. मिलिटरीत किंवा लिलावात, कुठं कुणास ठाऊक, कुणीतरी ताकद वाढावी म्हणून कार्बोरेटरमधल्या जेटची भोकं मोठी करून ठेवली होती. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याच्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. शिवाय चोकची झडप पुरती उघडत नव्हती. म्हणजे थंडीत गाडी सुरू करताना जेवढं जादा पेट्रोल द्यायचं, तेवढं ही बया दिवसभर घेत होती. उस्तादानं आपल्या पेटीतून तसलेच दुसरे जेट काढले, त्यांची भोकं झाळून बुजवली आणि सुईएवढ्या बरम्यानं पुन्हा पाडली. गाडीतून निघालेले जुने जेट मी जपून ठेवले. मी चोकची झडप मोकळी केली, ब्रेकचा ड्रम उघडला, अडकलेली स्प्रिंग बदलली. अडकलेली दांडी काही सुटेना, म्हणून पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडाच खाली उतरवून ठेवला. सडकेवर त्याचं काही काम नव्हतं.

पहिल्या वेळेला जमलं नाही. भोक फारच बारीक झालं. रामलिंगच्या घाटात पोती भरलेली गाडी अर्ध्या चढावर धापा टाकायला लागली, आणि कार्बोरेटरमधून असे बार उडाले की तेरखेड्याच्या फटाक्यांचा सगळा माल आमच्याच बॉनेटखाली पेटलाय असं वाटावं. उस्ताद शेजारी बसला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "भूका मार दिया बिचारी कू." परत आलो, भोक जरा मोठं केलं. पुन्हा घाट. पुन्हा प्लग काढून बघितले. आधी ते काजळीनं काळे असायचे, मग चुन्यासारखे पांढरे निघाले, आणि शेवटी एका दुपारी नीट भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे तांबूस निघाले. उस्तादानं तो प्लग दोन बोटांत धरून उन्हात फिरवला. मला पलटणीत पदक मिळालं नाही, पण मिळालं असतं तर त्याहून जास्त आनंद झाला नसता.

विंच काढायला मात्र जड गेलं. त्या लोखंडी धुडाचं ओझं विनाकारण वाहायचं कशाला, म्हणून आम्ही ते उतरवलं. चेअरमन बघायला आले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अरे, गाडी बोडकी दिसायला लागली की!"

"साहेब, वजन कमी झालं. लागलं तर परत बसवू."

"ती विंच बघून लोकं बाजूला व्हायची," ते म्हणाले. पण काढू दिलं.

त्यानंतर गाडी चालवणंही मी बदललं. पाय हलका ठेवायचा. चढ यायच्या आधीच वेग धरायचा, म्हणजे चढावर दाबावं लागत नाही. चाकांत हवा रोज बघायची. उगीच हॉर्न, उगीच रेस, काही नाही. पूर्वी एका भरलेल्या टाकीत येडशीच्या जेवढ्या खेपा व्हायच्या, त्याच्या दुप्पट व्हायला लागल्या. ताकद थोडी कमी झाली, खोटं कशाला बोलू. पण पोती वेळेवर पोहोचत होती.

मी महिनाभर थांबलो, पुरती खात्री करून घेतली आणि चेअरमनच्या खोलीत गेलो. कारकून तिथंच होता. जुने जेट मी रुमालात गुंडाळून नेले होते.

"साहेब, बघितलं का? बोललो होतो तसं निम्म्यावर आणलं."

चेअरमन खूश होते. खरोखर खूश होते. टेबलावर थाप मारून म्हणाले, "बघितलं तर! मी संचालकांना म्हणलो न्हवतो का, कुलूप लावा, सगळं ठीक होतंय."

मला वाटलं ते चेष्टा करतात. मी रुमाल सोडला. "न्हाई साहेब, ह्या जेटमुळं होत होतं. ही भोकं बघा..."

"असू दे, असू दे," ते म्हणाले. हात असा हलवला, जसा आपण लेकराला गप्प करताना हलवतो. "झालं गेलं. मी काय पोलिसात दिलं का तुला? माणसाच्या हातून होतं. आता नीट वागतोयस, मला तेवढंच पुरं हाय."

कारकून खाली मान घालून कागद चाळत होता. मी उभाच राहिलो. मला कळायला वेळ लागला. त्यांनी मला माफ केलं होतं. मी न केलेल्या चोरीची माफी, तीही मायेनं. शिवी दिली असती तर उलट बोललो असतो. मायेला काय उलट बोलणार?

गाडी पीत होती तेव्हा मी चोर असल्याचा नुसता संशय होता. मी गाडी सुधारली आणि त्या संशयाचा पुरावा झाला. आता अर्धं पेट्रोल पुरतंय, म्हणजे उरलेलं अर्धं आधी कुठं जात होतं? हा सवाल मीच माझ्या हातानं तयार करून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांनी तुमाला चोर म्हणलं त्याचं मला काय बी वाटत न्हाई. ते म्हणणारच. पर तुमी त्यांच्याकडं शाबासकी मागायला गेलाव, त्याचं लई वाईट वाटलं."

हे वाक्य मला चेअरमनच्या बोलण्याहून जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

मग संघाची वार्षिक सभा आली. शाळेच्या पटांगणात मांडव, लाऊडस्पीकर, सभासद सतरंजीवर. आम्ही नोकर मंडळी मागं उभी. चेअरमननी वर्षाचा आढावा घेतला आणि मग म्हणाले की पेट्रोलची गळती संघानं कडक शिस्त लावून थांबवली. टाकीला कुलूप घातलं आणि खर्च निम्म्यावर आला. टाळ्या पडल्या. कुणीतरी कारकुनाच्या गळ्यात हार घातला. माझ्या आजूबाजूचे दोन-चार जण माझ्याकडं बघून हसले.

मला बोलायचं नव्हतं. पण पाय पुढं गेले.

"साहेब, मला एक बोलायचंय."

मांडवातल्या माना वळल्या. नोकरानं सभेत बोलायची रीत नव्हती, आणि त्यातून मी.

"कुलूप लावल्यावरबी गाडी तेवढंच पेट्रोल खात व्हती. ह्या कारकूनसाहेबांनाच विचारा. ती कमी खायला लागली ती दुरुस्तीनंतर. जुने जेट माझ्याकडं हायत. ते परत बसवतो. कुलूप तुमचं, किल्ली तुमची. गाडी पाहिजे त्यानं चालवा. मी हातबी लावत न्हाई. मग बघा किती खाती ते. सगळ्यांच्या समोर बघा."

पुढच्या रांगेत एक म्हातारा धनगर सभासद बसला होता. तो काठी टेकत उठला. "मला एक सांगा चेअरमन, वाड्याला कुलूप घातल्यानं आतली मेंढरं कमी खात्यात व्हय?"

लोक मोठ्यानं हसले. एक क्षण मला वाटलं, फिरलं. लोकांना कळलं. मागून एक-दोन आवाजही आले, "बघू की, बघायला काय जातंय!"

चेअरमन हसणं थांबेपर्यंत थांबले. मग अगदी शांतपणे लाऊडस्पीकरवरून म्हणाले, "मंडळी, पेट्रोलचा भाव काय झालाय तुमाला ठाव हाय. ह्या ड्रायवरचा अभिमान राखायला आपण संघाचं पेट्रोल जाळायचं का? सभासदांच्या घामाचा पैसा हाय. हे काटकसरीत बसतंय का?"

नाही, नाही, असं सगळे म्हणाले. पुढचा विषय खताच्या वाटपाचा होता. ज्याच्यासाठी सगळे आले होते तो. सभा पुढं सरकली. धनगरबाबा खाली बसला. मी तिथं मधेच उभा राहिलो होतो. कुणीतरी माझ्या बंडीला धरून मला मागं ओढलं, तेही हळूच, भलेपणानं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीची चावी चेअरमनच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "रागानं घर चालत न्हाई."

मी म्हणालो, "व्हय साहेब." आणि निघालो.

माझ्या जागी चेअरमनच्या बहिणीचा मुलगा आला. त्यानं पहिल्याच आठवड्यात विंच परत बसवली. मग चारही चाकं ओढल्याशिवाय मजा नाही म्हणून खाली उतरवलेला दांडाही बसवून घेतला. जेटही दुसरीकडून मोठे घालून आणले असं ऐकलं. गाडी आमच्या वस्तीसमोरून जाताना इंजिनाचा तोच जुना आवाज यायला लागला, आणि मागं तोच काळा धूर. टाकीला कुलूप तसंच होतं. कुणी काही विचारलं नाही. कारकुनानं नाही, चेअरमननी नाही, पुढच्या वर्षीच्या सभेतही कुणी नाही.

उस्तादाकडं मी बऱ्याच दिवसांनी गेलो. चिंचेखाली एक सायकल तेवढी उलटी करून ठेवलेली होती. संघाच्या गाड्या यायच्या बंद झाल्या होत्या. आमची दोघांची मिळून काहीतरी भानगड होती अशी हवा कुणीतरी पसरवली होती. मी म्हणालो, "उस्ताद, माझ्यापायी तुमचं नुकसान झालं."

"हौ, हुआ," तो म्हणाला. खोटं कशाला बोलेल? मग चहा मागवला. आम्ही गाडीबद्दल काही बोललो नाही. पुढं तो लेकीकडं हैदराबादला गेला तो तिकडंच राहिला.

मी बार्शीला एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर लागलो. डिझेलची गाडी. सोलापूर, लातूर, हैदराबाद. मालकानं पहिल्या दिवशी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी म्हणालो, पटलं नाही. त्यानंतर आयुष्यभर ज्यानं विचारलं त्याला हेच उत्तर दिलं. कारण खरी गोष्ट सांगायला फार वेळ लागतो.

एकदाच सांगितली. सोलापूर रस्त्यावर एका धाब्यावर दुपारी आम्ही दोघं ड्रायव्हर बाजेवर पडलो होतो. तो माझा चांगला दोस्त होता, वर्षानुवर्षं एकाच मालकाकडं होतो, एका ताटात जेवलेलो. मी त्याला सगळं सांगितलं. घागरीचं, जेटचं, सभेचं. त्यानं मन लावून ऐकलं. मधे मधे चेअरमनला शिव्या दिल्या. धनगराच्या बोलण्यावर पोट धरून हसला. सगळं संपल्यावर बिडी पेटवली, एक झुरका घेतला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "पर आता खरं सांग. मला सांगायला काय हरकत हाय? थोडं तरी काढत असशीलच की."

मी उठलो. टायरांना लाथ मारून हवा बघितली आणि गाडी सुरू केली.